डाव्या पाकळीवरच्या मुंग्या

"गूळ कुठाय?"

"कसला गूळ?"

"ढेपेचा कोपरा तुटलाय. उंदराचे दात न्हाईत ते, इळ्याचं टोक हाय. परडीत ठिवलाय का कनवटीला?"

"अगं, हळू बोल."

"हळू कुनासाठी? देवीनं ऐकू नये म्हनून, का त्या टोपीवाल्यानं?"

गेनबानं परडीतली चाफ्याची फुलं उगाच खालीवर केली. त्याची बायको फुलाबाई दारात आडवी उभी होती. तिला ओलांडल्याशिवाय बाहेर जाता येत नव्हतं, आणि ऊन अंगणात उतरायच्या आत वाघजाईच्या राईत पोचायचं होतं. आज कौल होता. सगळी वाडी जमणार होती. टोपीवाले साहेब तर कालच खालून हिर्डोशीहून चालत आले होते आणि रखमाजी पाटलाच्या ओसरीवर झोपले होते.

"गेल्या साली कौल उजवा पडला म्हनून पोरं घरी ऱ्हायली," गेनबा म्हणाला. "इसरलीस व्हय?"

"पडला का पाडलात?"

गेनबाचा हात फुलांवरच थांबला. वर्ष झालं, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. फुलाबाईनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "दुसऱ्या दिशी म्या झाडायला गेले. उजवी पाकळी खाली पडलेली. डावी तिच्या खांद्यावर तशीच वाळलेली, आन तिच्यावर मुंग्यांची रांग. निस्त्या पान्यानं चिकटिवलेल्या पाकळीला मुंग्या लागत न्हाईत. म्या पदरानं पुसलं समदं. तवापास्नं तिच्या तोंडाकडं बघितलं न्हाई."

एवढं बोलून ती बाजूला झाली. गेनबा परडी घेऊन बाहेर पडला.

गेनबाचं घराणं शेतकऱ्याचंच. दोन तुकडे भाताचे, वरच्या अंगाला नाचणी. पण कौल लावायचा मान चार पिढ्या त्यांच्याकडे होता. वाघजाईला देऊळ नाही, छप्पर नाही. राईत मधोमध एक शेंदरी तांदळा, देवीचा न घडवलेला दगड, आणि त्यावर एवढी झाडं की भर उन्हात तिथं दिवा लावावासा वाटे. तांदळ्याच्या दोन खांद्यांवर चाफ्याची एकेक ओली पाकळी लावायची आणि हात जोडून विचारायचं. आधी उजवी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. पेरा कधी, सोयरीक करावी का, हरवलेली म्हैस घाटाकडं शोधावी की नदीकडं. हरिबा आणि म्हादू या भावाभावांचं बांधावरून तीन साल बोलणं नव्हतं. कौल हरिबाच्या बाजूनं पडला आणि त्याच संध्याकाळी म्हादू हरिबाच्या घरी जेवला. कौलात हरलेल्या माणसाला शरम नसे. तो शेजाऱ्यापुढं हरलेला नसे, देवीपुढं हरलेला असे. गेनबाला वाटे, वाडी उभी आहे ती ह्या दोन पाकळ्यांवर. आपण कोण? आपण फक्त पाण्यात बोट बुडवणारे.

सरकार म्हणजे काय, हेही तो राबाला, भाताच्या रोपाची जागा भाजायला, पाला तोडता तोडता पुष्कळदा मनाशी घोळवी. सरकार नेहमी खालून यायचं, चढ चढून, घाम पुसत, आणि काहीतरी मागायचं. कधी सारा, कधी माणसं, कधी कोंबडं. देवीपण मागायचीच. पण देवीशी माणसाला भांडता येतं. रुसता येतं, अडून बसता येतं, ह्या साली नारळावर भागव असं म्हणता येतं. कागदापुढं रुसता येत नाही. कागदापुढं फक्त उभं राहायचं.

लढाई सुरू झाली तेव्हा वाडीला ती कळलीच नाही. रॉकेल आणि साखर मिळेनाशी झाली तेव्हा कळली. मग पेट्रोल संपलं, मोटारी कोळशावर धावू लागल्या असं भोरच्या बाजारात कुणी सांगितलं, आणि गेल्या शिमग्याच्या आधी साहेब वर आले. ते संस्थानचे, का इंग्रजांचे, का कुणा ठेकेदाराचे, हे वाडीनं विचारलं नाही. टोपी होती आणि कागद होता, म्हणजे सरकार. कोळशासाठी राई पाहिजे होती. बरोबर आणलेल्या लाकूडतोड्यांनी तांदळा पाहिला आणि कुऱ्हाडी खाली ठेवल्या. गावकरी तर राईतली वाळकी काडीसुद्धा चुलीला नेत नव्हते.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, असं गेनबाला पुढं अनेकदा वाटलं. त्यांनी गेनबाला घोंगडीवर शेजारी बसवलं, त्याचं नाव विचारून कागदावर लिहिलं. त्याचं नाव आजवर कुणी लिहिलं नव्हतं. मग म्हणाले, तुमचं गाव हुकूम ऐकतं, पण मनापासून नाही. देवीचं मनापासून ऐकतं. तर आपण देवीलाच विचारू. फक्त दक्षिणेची बाजू मागतो. ती नाही म्हणाली तर मी परत जातो. मात्र मग वाडीतला दर घरचा एक गडी पावसापर्यंत घाटाच्या रस्त्यावर खडी फोडायला द्यावा लागेल, त्याला माझा इलाज नाही.

गडी गेले तर राब भाजायचा कुणी आणि भात लावायचं कुणी? गेनबा रात्रभर तळमळला. सकाळी त्यानं दोन वाट्या घेतल्या. एकीत पाणी, दुसरीत गुळाचं पाणी.

दक्षिणेची बाजू महिन्याभरात पडली. भट्ट्यांचा धूर पाऊस लागेपर्यंत वाडीवर होता. गेनबा स्वतःला सांगत राहिला की आपण गाव वाचवलं, आणि देवीला काय, तिला अजून तीन बाजू आहेत. एक गोष्ट मात्र त्याला सलत होती. त्या वर्षात त्याच्याकडं कौल लावायला कुणीच आलं नाही. पेऱ्याला नाही, सोयरिकीला नाही. बांधाचं भांडण पुन्हा उकरून म्हादू भोरला कचेरीत अर्ज देऊन आला. लोकांना देवीची लाज वाटत असेल, असं गेनबानं मनाशी ठरवून टाकलं.

आणि आता साहेब उरलेल्या तीन बाजू मागायला आले होते.

राईच्या वाटेवर करवंदीची जाळी लागते. तिथं गेनबा थांबला, कनवटीचा गुळाचा खडा काढला आणि जाळीत आत फेकला. काटा लागून मनगट ओरखडलं. मागून चालणाऱ्या फुलाबाईनं ते पाहिलं. तिची पावलं त्याच्या पावलांच्या जवळ आली.

वाडी जमली होती. बायका एका अंगाला, गडी दुसऱ्या अंगाला, साहेब घडी केलेल्या घोंगडीवर. दक्षिणेच्या तोडलेल्या बाजूनं ऊन आत येत होतं आणि तांदळा पहिल्यांदाच इतका लहान दिसत होता. गेनबानं दोन्ही पाकळ्या एकाच वाटीत, नुसत्या पाण्यात भिजवल्या. लावल्या. हात जोडले. उरलेली राई सरकारला द्यायची का, असं मोठ्यानं विचारलं, आणि मनात म्हणाला, आई, आज खरं बोल, म्याबी खरं बोलतो.

डावी पाकळी लागलीच गळाली. इतकी झटकन, की गेनबाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती होती. इतकं करूनही ती तिथं होती. त्यानं वळून फुलाबाईकडं पाहिलं. ती तांदळ्याकडं बघत होती, सरळ, मान वर करून.

साहेबांनी कागदाची घडी केली आणि शांतपणे म्हणाले, "पुन्हा एकदा लावून बघा. देवीलासुद्धा विचाराला वेळ लागतो."

"एकदा इचारलं की इचारलं, सायेब," गेनबा म्हणाला. "दुसऱ्यांदा इचारायची रीत न्हाई." आणि त्यानं वाडीकडं पाहिलं. आता कुणीतरी उठेल, व्हय म्हणेल, रीत न्हाई म्हणेल.

रखमाजी पाटील उठला. तो गेनबाच्या बरोबरीचा, दोघांनी गुरं एकत्र राखलेली. जवळ आला, खाली पडलेली पाकळी उचलून परडीत ठेवली आणि गेनबाच्या खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात विचारलं, "गेनबा, आज गूळ इसरलास व्हय?"

त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. चिलमीला काडी विसरलास का, असं विचारावं तसं त्यानं विचारलं. आवाज हलका असला तरी राईत पानही हलत नव्हतं, सगळ्यांना ऐकू गेलं. कुणी चमकलं नाही. हरिबा काटकीनं माती उकरत राहिला. म्हादूनं तोंड फिरवलं. बायकांत ठकुबाईनं पदर नीट केला. फुलाबाईनं पुसायच्या आधी त्या मुंग्या कुणीकुणी पाहिल्या होत्या, ते गेनबाला एकेका चेहऱ्यावरून कळत गेलं. म्हणून वर्षभर कुणी आलं नव्हतं.

"समद्यांस्नी ठावं हुतं?" त्यानं विचारलं.

"मंग? आमी काय बोललो का तुला? गावासाठीच केलंस तू." रखमाजीनं खांद्यावरचा हात काढला नाही. "राब भाजायचा हाय. पोरं खडीला गेली तर पुढल्या साली खायाचं काय? देवी काय कुठं जात न्हाई. दगड हितंच ऱ्हातुया. झाडं तेवढी जात्याल."

"आन तिनं आत्ता न्हाई म्हनलं त्याचं?"

रखमाजीला हा प्रश्न समजलाच नाही. तो बायकांकडं बघून म्हणाला, "ठकुबाय, तुमचं घर जवळ हाय. येवढा गूळ आना बरं."

ठकुबाई उठली. कुणी तिला थांबवलं नाही. फुलाबाईची मान हळूहळू खाली गेली. साहेब दक्षिणेच्या बाजूच्या बुंध्यांकडं बघत होते, जणू काही त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं.

गेनबानं परडी तांदळ्यापुढं ठेवली. पाण्याची वाटी पालथी केली. रखमाजी म्हणाला, "गेनबा, मान तुमच्या घरान्याचा हाय. तू लावतूस का म्या लावू? सायबास्नी काय सांगू?"

गेनबा वळला आणि माणसांच्या मधून, तोडलेल्या बुंध्यांच्या अंगानं, उन्हातून राईच्या बाहेर चालू लागला. समोरून ठकुबाई लगबगीनं येत होती, मुठीत गूळ घेऊन. तिला वाट द्यायला तो बाजूला झाला.

"आरं, काय सांगू?" मागून रखमाजीनं पुन्हा विचारलं.

तो चालत राहिला.