भंते एवढंच म्हणाले नव्हते

वहिनी गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला मी बोललो होतो. "भिक्खुणी होऊन चीवर घ्यायची तिची फार इच्छा होती, पण आमच्या संसारासाठी तिने ती सोडली," असं म्हणालो. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझी मुलगी आपल्या मुलांना हेच सांगत आली. ते खरं नाही. वहिनीने काहीही सोडलं नव्हतं.

मोठा भाऊ लग्नानंतर लवकरच काविळीने गेला. मूल नव्हतं. वहिनी माहेरी परतली नाही. सोपाऱ्याच्या आमच्या घरातून ती एका ख्रिस्ती बागाईतदाराच्या केळीच्या वाडीत मजुरीला जायची. मी शाळेत इंग्रजी शिकवत होतो, बायको कचेरीत होती. आमची मुलं झाल्यावर वहिनीने मजुरी सोडली आणि दोघांना तिनेच वाढवलं.

त्या बागाईतदाराची एक मुलगी व्रत घेऊन चर्चची सिस्टर झाली होती. ती घरी आली की म्हातारा बापसुद्धा उठून उभा राहायचा. हे वहिनीच्या मनात राहिलं होतं. जेवणं झाल्यावर मी तिला बुद्धचरित्र वाचून दाखवायचो, तेव्हा एकदा तिने विचारलं, "भावोजी, आपल्यात नाय का अशा बाया?"

मी तिला बुद्धांच्या मावशीची गोष्ट सांगितली. आई गेल्यावर त्यांना वाढवणाऱ्या मावशीने दीक्षा मागितली, तीनदा नकार आला, तेव्हा ती केस कापून अनवाणी चालत गेली. पाय सुजले, पण दीक्षा घेऊनच राहिली.

वहिनी म्हणाली, "म्हंजे तिनंपन दुसरीचंच पोर वाढवलेलं."

त्यानंतर ती भिक्खूंसारखी रात्रीचं जेवेनाशी झाली. आम्हाला वाढायची, खरकटं काढायची, स्वतः पाणी पिऊन उठायची. मी दुर्लक्ष केलं.

आणीबाणी उठल्यानंतरची वैशाखी पौर्णिमा. सिलोनचे एक भंते सोपाऱ्याचा स्तूप पाहायला येणार होते. त्यांना मराठी-हिंदी येत नव्हतं, म्हणून दुभाष्या मी. सकाळी वहिनी मोरीतून बाहेर आली ती डोकं भादरून. पांढरं लुगडं, डोक्यावर वस्तऱ्याच्या दोन जखमा.

माझी आई चुलीपुढून ओरडली, "भटाघरची सोवळी झालीस काय गं? आपल्यात कोन करतं हे? लोकं मला शेन घालतील तोंडात!"

"नवरा मेला म्हनून नाय केलं, आई," वहिनी म्हणाली. "तेव्हा केलं नाय, आता केलं."

माझी लहान मुलगी तिच्या डोक्यावरून हात फिरवून हसत सुटली. वहिनीही हसली. एवढी मोकळी हसताना मी तिला पूर्वी पाहिलं नव्हतं.

स्तूपाच्या विटांजवळ झाडाखाली वंदना झाली. मग वहिनी भंत्यांसमोर गुडघे टेकून बसली आणि मला म्हणाली, "सांगा त्यांना. मला घ्या म्हनावं."

मी सांगितलं. भंते तिच्या भादरलेल्या डोक्याकडे पाहून सावकाश इंग्रजीत बोलू लागले. भिक्खुणींची परंपरा आमच्याकडे फार पूर्वी खंडित झाली, दीक्षा द्यायला भिक्खुणीच उरल्या नाहीत, त्यामुळे मी ती देऊ शकत नाही. पण आमच्या देशात दहा शीलं घेऊन, डोकं मुंडवून, पिवळं वस्त्र नेसून राहणाऱ्या स्त्रिया आहेत. लोक त्यांना माता म्हणतात. त्यांना भिक्षूचा मान नाही, हे दुःखाचं आहे. पण तो मार्ग खरा आहे. ही बाई तयार दिसते. तिची इच्छा असेल तर मी आत्ता, इथेच तिला दहा शीलं देतो.

सगळे माझ्याकडे बघत होते. सोमवारपासून शाळेत परीक्षांचं काम होतं. धाकटा तापाने फणफणला होता आणि वहिनीशिवाय कोणाच्या हातून औषध घेत नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच आलं.

मी म्हणालो, "भंते म्हणतात, परंपरा खंडित झाली आहे. देता येत नाही."

वहिनी उठली नाही. "ते एवढं बोलले," ती म्हणाली, "आनि तुम्ही एवढंच सांगितलं, भावोजी?"

"एवढंच म्हणाले."

तिने भंत्यांना तीनदा वंदन केलं आणि डोक्यावर पदर घेतला. घरी येऊन मुलाला औषध पाजलं. त्या रात्री ती आमच्याबरोबर जेवली. पुढे केस वाढले.

मुलगी दहावीत होती तेव्हा तेच भंते पुन्हा सोपाऱ्याला आले. आता ते मोडकंतोडकं हिंदी बोलत होते. बायकांच्या रांगेत त्यांनी वहिनीला ओळखलं. माझ्यादेखत विचारलं, "माताजी, उस दिन दस शील क्यों नहीं लिये? मैं तो देने को तैयार था."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाडीत घड उतरवल्यावर आतून सडलेला निघावा, तसं काहीतरी त्या नजरेत होतं.

"बच्चे छोटे थे, भंतेजी," ती म्हणाली.

"अब?"

"अब घुटने नहीं मुडते."

गुडघे चांगले होते तिचे. पहाटे उठून घर सारवायची ती. घरी आल्यावर तिने मला चहा दिला, कप नेहमीसारखा उजव्या हाताशी ठेवला. त्यानंतर मात्र मला काही वाचून दाखवायला कधी सांगितलं नाही. माझ्या मुलीचं पहिलीचं पुस्तक माळ्यावरून काढून दुपारी एकटीच अक्षरं लावत बसायची. मी आत आलो की मिटायची.

ती जाऊन बरीच वर्षं झाली. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी मोरीकडून पाण्याचा आवाज येतो. नळ बंद असतो, मी जाऊन पाहतो. मग मागून येतं, "एवढंच?" शेणाचा, ओल्या जमिनीचा वास येतो. घरात आता फरशी आहे.

परवा मुलगी आली होती. तिला बसवून सगळं सांगितलं. ती पिशवी घेऊन उठली. मग म्हणाली, "बाबा, मला ते तिचं डोकं आठवतं. हाताला कसं लागायचं ते." आणि चहा न घेता गेली.

संध्याकाळी पुन्हा आवाज आला. या वेळी मी नळ बघायला उठलो नाही. भंत्यांचं राहिलेलं बोलणं मराठीत, मोठ्याने, शेवटपर्यंत सांगितलं.