पाचव्या डावानंतरचा सत्कार

मी प्रोफेशनल बेसबॉलपटू होतो. म्युनिकच्या गणेशोत्सवात कुणाला हे सांगितलं की समोरचा गृहस्थ आधी माझ्या पोटाकडे बघतो, मग माझ्या बायकोकडे सहानुभूतीनं बघतो आणि मग विचारतो, "ते ठीक आहे हो, पण करता काय?" तो स्वतः सॉफ्टवेअर कंपनीत असतो. तो दिवसभर काय करतो हे मी त्याला कधीच विचारत नाही, कारण ते त्यालाही धड सांगता येणार नाही.

जर्मनीत बेसबॉलचा प्रोफेशनल म्हणजे काय हे आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाचे डोळे विस्फारायला नकोत. क्लबहाऊसच्या वर एक खोली, एक जुनी सायकल आणि खर्चापुरता हातखर्च. त्या बदल्यात मॅच खेळायची, मैदानावरची माती सारखी करायला जाळी ओढायची, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि रविवारी केकच्या टेबलामागे उभं राहायचं. इथल्या क्लबला फेराइन म्हणतात. फेराइनमध्ये खेळाडू, माळी आणि हलवाई असा भेदभाव नसतो.

मी मूळचा जळगावचा. शाळेत सॉफ्टबॉल खेळलो, कारण राज्य पातळीवर खेळलं की दहावीला क्रीडागुण मिळायचे. गुण मिळाले, खेळ चिकटला. पुढे आखनला मेकॅनिकलचं मास्टर्स करायला आलो. तिथल्या फेराइनचा शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला गडी, नेमका त्याच महिन्यात बाप झाला आणि एल्टर्नत्साइट, म्हणजे पालकरजा, घेऊन घरी दुपटी बदलायला बसला. मी कुंपणाबाहेरून बघत होतो. त्यांना माणूस हवा होता, मला माणसं हवी होती. सॉफ्टबॉल वेगळा आणि बेसबॉल वेगळा हे दोघांनाही माहीत होतं, पण त्या दिवशी कुणीच तो विषय काढला नाही.

मास्टर्स झालं. वर्गातले बाकीचे मोटारींच्या कंपन्यांत चिकटले आणि मी हॅम्बर्गच्या एका टीमला चिकटलो. हॅम्बर्गमध्ये मी बेसबॉल कमी खेळलो आणि ताडपत्री जास्त ओढली. पाऊस आला की ताडपत्री घाला, गेला की काढा, काढली की परत आला, घ्या! तिथून दक्षिणेला आलो, म्युनिकच्या आसपास तीन टीम फिरलो आणि लग्न होऊन गार्चिंगला स्थिरावलो. बायको सॉफ्टवेअरमध्ये आहे. घर ती चालवते हे मी लपवत नाही. लपवून उपयोगही नाही, सगळ्यांना माहीत आहे.

सोळा सीझन मी इनफिल्डमध्ये काढले. इनफिल्ड म्हणजे मैदानाचा आतला, मातीचा भाग. तिथं चार जागा असतात आणि चारही जागांवर मी दोन नंबरचा होतो. पहिल्या नंबरचा आजारी पडला, रुसला, सुट्टीला माल्योर्काला गेला, की मी. हात चांगले होते माझे, चेंडू सुटायचा नाही. बॅटिंगची मात्र बोंब होती. त्यामुळे मॅच अटीतटीची झाली आणि शेवटी माझी बॅटिंग आली की कोच मला बसवायचा आणि माझ्या जागी कुणीतरी दांडगा गडी पाठवायचा. आणि बेसबॉलचा नियम असा निर्दय आहे की एकदा बाहेर गेलेला माणूस त्या मॅचमध्ये परत खेळू शकत नाही. गेला तो गेला.

म्हणजे सोळा वर्षांत एकही महत्त्वाची मॅच मी शेवटपर्यंत खेळलो नव्हतो. शेवटचा गडी बाद होतो तेव्हा मैदानावर असावं, एवढी एकच इच्छा उरली होती. बायकोला एकदा सांगितली. ती म्हणाली, "एवढंच? मला वाटलं काहीतरी मोठं असेल." मला जाम राग आला. मोठं काहीतरी हवं असतं तर मी तिच्यासारखा कोड लिहायला बसलो असतो ना!

मग मागच्या वर्षी फेराइननं मला श्पीलट्रेनर केलं. खेळायचंही आणि कोचिंगही करायचं, म्हणजे एका हातखर्चात दोन माणसं. जर्मन लोक असल्या बाबतीत फार हुशार. पण मी मनातल्या मनात नाचलो, कारण आता कोण खेळणार आणि कोण बसणार हे कागदावर मीच लिहिणार होतो. मला बाहेर काढू शकणारा जगात एकच माणूस शिल्लक होता आणि तो मीच. सीझनची शेवटची मॅच आमच्या मैदानावर होती. त्यानंतर गुडघे फेराइनला अर्पण करून मी नुसता कोच होणार होतो. मॅचचे नऊच्या नऊ डाव, सेकंड बेसची जागा, शेवटपर्यंत. ठरलं.

त्या उन्हाळ्यात सासरे आले होते. वीजखात्यातून निवृत्त, पुण्यात सोसायटीचे सेक्रेटरी. सासूबाई गेल्यापासून ते दर वर्षी तीन महिने आमच्याकडे येतात आणि बाल्कनीत बसून जर्मन शेजाऱ्यांना शिस्त नाही म्हणून कुरकुरतात. दहा वर्षांत माझी एकही मॅच त्यांनी पाहिली नव्हती. माझ्या खेळाला ते 'तुमचं ते' म्हणत. "काय जावईबापू, आज तुमचं ते आहे वाटतं?" बस्स.

या वेळी शेवटची मॅच आहे म्हटल्यावर स्वतःहून म्हणाले, "येतो मी." मला खरोखर बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की त्यांनी सोबत कापडी पिशवी का घेतली हे विचारायचं सुचलंच नाही.

पहिले पाच डाव झकास गेले. तीन चेंडू माझ्याकडे आले, तिन्ही उचलले, तिन्ही माणसं बाद. एकदा तर चेंडू वेडावाकडा उडाला आणि छातीवर बसला, तरी उचलून फेकला. नऊ वर्षांची आमची मुलगी कुंपणाच्या जाळीमागून "पापा, सुपर!" ओरडली. पाच डाव झाले की मातीवर जाळी ओढतात, त्यासाठी पाच मिनिटं खेळ थांबतो. त्या पाच मिनिटांत माइकवाल्यानं चक्क माझ्या सासऱ्यांना मैदानात बोलावलं. बायकोनं परस्पर ठरवलं होतं, मला सरप्राइज म्हणून. पिशवीतून शाल निघाली, म्युनिकच्या इंडियन दुकानातला नारळ निघाला. शाल-श्रीफळ! होम प्लेटवर, बॅटिंगच्या जागेवर! शंभर-सव्वाशे जर्मन माणसं ब्राटवुर्स्टचे भाजके सॉसेज हातात धरून बघत होती.

इथपर्यंतही ठीक होतं हो. पण सासऱ्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "दोन शब्द बोलतो." मी मनात म्हटलं, मेलो. ज्या माणसानं पंचवीस वर्षं सोसायटीच्या वार्षिक सभा चालवल्या, त्याचे दोन शब्द पाच मिनिटांत कोण बसवणार? त्यांनी वीजखात्याच्या क्रिकेट टीमपासून सुरुवात केली. जाळी ओढून झाली. रेघा मारून झाल्या. सासरे अजून त्यांच्या स्वतःच्या लग्नाशी होते.

तेवढ्यात अंपायर माझ्याजवळ आला. एरवी हा माणूस करखात्यात काम करतो आणि रविवारीही तो करखात्यातलाच वाटतो. घड्याळ दाखवत म्हणाला, "आल्झो, तर मग, सेकंड बेसवर आत्ता माणूस पाहिजे. तुम्ही जाताय की बदली देताय?" मी म्हटलं दोन मिनिटं द्या. तो म्हणाला, दिली होती.

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते म्हणत होते, "ही गेल्यावर मला या दोघांनी एक दिवसही एकटं वाटू दिलं नाही. यांच्या कामाला मी कधी काम म्हटलं नाही. आज सगळ्यांसमोर म्हणतो." तेही मराठीत, ज्यातलं मैदानावर आम्हा घरच्यांना सोडून कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. हातातली शाल अजून माझ्या खांद्यावर पडायची होती.

हा माणूस दहा वर्षांनी बोलतोय आणि त्याला थांबवायचं? माइक काढून घ्यायचा? मला अंपायरचा राग आला, बायकोचा आला, शालीचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. आणि मी मागच्या खिशातला तो कागद काढला, माझं नाव खोडलं आणि बेंचवर बसलेल्या राखीव गड्याचं, एरवी डेंटिस्ट असलेल्या एकाचं, नाव लिहिलं. डेंटिस्ट खूश होऊन पळत सेकंड बेसवर गेला. गेनाऊ, म्हणजे बरोबर, म्हणाला अंपायर, आणि कागद घेऊन गेला.

शाल पांघरून, नारळ घेऊन मी बेंचवर येऊन बसलो. सासरे जाळीमागे मुलीशेजारी बसले. सहावा डाव झाला. "अहो जावईबापू, आता जा की!" क्रिकेटमध्ये बारावा गडी थोडा वेळ उभा राहतो तसा तो डेंटिस्ट उभा आहे अशी त्यांची समजूत. मी म्हटलं, जातो. सातव्या डावात पुन्हा, "किती वेळ बसवणार त्या माणसाला? त्याला सवय दिसत नाही." खरंच नव्हती. दोन चेंडू सोडले होते त्यानं.

मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. ती आजोबांना म्हणाली, "पापा दार्फ निष्ट मेअर राइन." पापाला आता परत आत जाता येत नाही. आजोबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणते ही?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. तिला तेव्हा कुठे कळलं. चेहरा पांढरा पडला तिचा.

"म्हणते, पापा दमले," मी म्हटलं.

शेवटच्या डावात आम्ही एका रननं मागे होतो. आमचे दोन गडी बाद झाले, तिसरा गेला की मॅच संपणार, आणि बॅटिंग कुणाची आली असेल? माझी. म्हणजे डेंटिस्टची. मागे वळून पाहिलं तर सासऱ्यांनी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला होता, सोसायटीतल्या सगळ्या मित्रमंडळींना एकदम. फोन माझ्यावर रोखलेला. "थांबा हो, ठेवू नका. आता निघतीलच आमचे जावई."

थर्ड बेसजवळ मैदानात चुन्यानं आखलेली एक चौकट असते. तिथं बॅटिंग करणाऱ्या टीमचा कोच उभा राहून पळणाऱ्यांना हातवारे करतो. मॅचभर तिथं मी फेराइनच्या कॅशियरला उभं केलं होतं. मी शाल काढून बेंचवर ठेवली, टोपी नीट केली आणि कॅशियरला म्हटलं, सरक.

"निघाले! निघाले बघा!" मागून आवाज आला.

मी चौकटीत जाऊन उभा राहिलो. करायचं काहीच नव्हतं. बेसवर आमचा एकही माणूस नव्हता, हातवारे कुणाला करणार? तरी केले. टाळ्या वाजवल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकलो, बोटांनी तीन वेळा कसल्यातरी खुणा केल्या. डेंटिस्टनं बिचाऱ्यानं त्या वाचायचा प्रयत्न केला आणि एक मरतुकडा चेंडू सरळ चेंडू टाकणाऱ्या पिचरच्याच हातात मारला. संपली मॅच. हरलो.

मी तसाच उभा होतो. समोरची टीम एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. माझे डोळे भरून आले होते. सोळा वर्षांनी का होईना, शेवटचा गडी बाद होताना मी मैदानावर होतो, पण कुणीही उभं राहू शकतं अशा जागी. हसावं की टोपी आपटावी कळेना.

जाळीपाशी आलो तर सासरे अजून फोनवर होते. पलीकडून कुणीतरी विचारत होतं, हरले का हो?

"हरले तर हरले," सासरे म्हणाले, "पण आमचे जावई शेवटच्या चेंडूपर्यंत मैदानात होते. तुम्हीच पाहिलंत ना?"

मुलीनं तोंड उघडलं. बायकोनं तिचा हात धरला. मी फोनमधल्या मंडळींना नमस्कार केला.