मोरांची धूळपेरणी

आमच्या डोंगरावर मोर किती, हे सांगणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून होतं. सोसायटीचे चेअरमन पाचशे सांगायचे. मी केजहून जीप भरून पाहुणे आणायचो. नांदूरघाट मागे पडेपर्यंत माझे दोन हजार व्हायचे. गाडीत पुण्याची माणसं असली, तर एखादा पांढरा मोरही सोडून द्यायचो.

गावानं डोंगरावर चराईबंदी केली, कुऱ्हाडबंदी केली, चर खोदले. गवत वाढलं तसे मोर वाढले. मग सहकारी सोसायटी निघाली. पाहुण्यांनी यायचं, घरोघरी पिठलं-भाकरी खायची आणि सकाळी मोर बघायचे. पण मोर काही सोसायटीचे सभासद नव्हते, वेळेवर यायचे नाहीत. म्हणून चेअरमननी माझ्या चुलत्यांना, तात्यांना, गाठलं.

"तात्या, तुमी रानात बी फोकता ना, तसे रोज डोंगरावर दाणे फोका. धान्य सोसायटी दील, वर मजुरीबी."

तात्यांचा हात तालुक्यात गाजलेला. धोतराच्या सोग्याची ओटी करून त्यात बाजरी घ्यायची आणि चालायचं. पाऊल, मूठ, पाऊल, मूठ. दोन दाण्यांमधलं अंतर मुंगीनं टेप लावून मोजावं इतकं सारखं. थोड्याच दिवसांत मोर आणि लांडोरी त्यांच्यामागे शाळेच्या पोरांसारख्या रांगेनं चालायला लागल्या. पाहुण्यांनी इतके फोटो काढले, की मोरांचा रंग थोडा उतरला असं मी सांगायचो. तात्या आणि काकूंनी ऊसतोडीला जाणं सोडलं ते तेव्हापासून. काकूचे गुडघे तोवर कोयत्यानं खाल्लेलेच होते.

मग पाऊस गेला. एक वर्ष तोंड दाखवून गेला, दुसऱ्या वर्षी तेही नाही. ऊन असं, की केजहून पाण्यानं भरून निघालेला टँकर गावात पोचेपर्यंत वाफेवर चालायचा. आंघोळीला तांब्याभर पाणी देता येत नाही तिथं पाहुणा काय राहणार? माझी जीप लिंबाखाली उभी राहिली. सोसायटीचं गोदाम झाडून घेतलं आणि डोंगरावर दाणे टाकणं बंद झालं.

मोरांना हे कुणी कळवलं नाही.

आधी ते तात्यांच्या पत्र्यावर येऊन बसले. मग शेजारच्या, मग सगळ्या आळीच्या. ओरडत नव्हते. एरवी एक मोर ओरडला तर अख्खं गाव जागं होतं. आता एवढे सगळे गप्प बसलेले आणि सगळ्यांची तोंडं एकाच दाराकडे. तात्या सकाळी टमरेल घेऊन निघाले की मागं सगळा लवाजमा.

"तात्या, मिरवणूक लई मोठी हाय," मी म्हणालो.

"हसतूस कावून? त्यांचे डोळे बघ जरा."

मी बघितले. पुन्हा बघायला गेलो नाही. शेजारणीच्या हातातली भाकरी एका मोरानं नेली, ती बोटाच्या कातड्यासकट. काठी उगारायची सोय नव्हती. मोराला मारलं तर तुरुंग, हे गावाला आम्हीच बोर्ड लावून शिकवलं होतं.

मृग जवळ आला. आमच्याकडे पावसाआधी कोरड्या मातीत बी टाकून ठेवतात, ती धूळपेरणी. बाजरीचं बी काकूनं डब्यात फडकं बांधून ठेवलेलं. घरात रेशनचे गहू संपले तेव्हाही तिनं त्या डब्याला हात लावला नव्हता.

"हे बी गेलं की दिवाळीनंतर पुन्हा कोयता," ती म्हणाली. "मला आता मोळी उचलत न्हाई. अर्धा कोयता म्हणून तरी कोण नेईल मला?" ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाचा अर्धा.

चाऱ्यावाचून बैल आधीच विकलेले. म्हणजे तिफण नाही, हातानंच फोकायचं. तात्या ओटी बांधून रानात उतरले. पाऊल, मूठ. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत गेले आणि वळून बघितलं. मागं सगळं रान मोरांनी भरलेलं, आणि मातीवर एक दाणा नाही. ते थांबले तसे मोर थांबले. त्यांनी पाऊल उचललं, मोरांनी उचललं. तात्या उरलेलं बी पोटाशी धरून घरी आले.

"उद्या मी पेरते," काकू म्हणाली.

"आन मी?"

"तुमी डोंगरावर जा. वटीत मुरूम घ्या."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तात्या निघाले. पत्र्यांवरून पिसारे खरडत उतरले, आळी रिकामी झाली. काकू गुडघे दाबत बी फोकत गेली, मी तिच्यामागं बोरीची फांदी ओढून माती सारत गेलो. समोर डोंगर दिसत होता. त्याच्यावर एक पांढरा ठिपका हात हलवत चाललेला, आणि त्याच्यामागं निळी-हिरवी उतरण सरकत होती. एवढं मात्र मी वाढवून सांगत नाही. दुपारी ती रांग मोडली आणि ठिपक्याभोवती रिंगण झालं.

"काकू, हाक मारू का?"

"आजून पट्टा ऱ्हायलाय. वढ फांदी."

तात्या दिवस मावळताना आले. धोतर कमरेशी फाटलेलं, मांडीवर चोचींच्या खुणा. हात थांबला की पुढचे मोर ओटीत तोंड घालत होते, म्हणून दिवसभर हात थांबवला नव्हता.

"झालं का?" त्यांनी काकूला विचारलं.

"झालं. समदं."

काकूनं त्यांच्या मांडीला हळद लावली. तात्या आभाळाकडे बघत होते. तिथं काही नव्हतं. बी मातीत होतं, पण नुसतं धुळीखाली; चार मोरांनी उकरलं तरी संपलं असतं. त्यांनी मला बादली दिली.

"मुरूम चाळून आण. बाजरीएवढा बारीक."

"किती दिवस जाणार असं?"

"पाऊस येईस्तोवर," काकू म्हणाली.

"न्हाईतर त्यांना कळंस्तोवर," तात्या म्हणाले. वर पत्र्यावर नखं वाजायला लागली होती.