बिस्किटांच्या कारखान्यातली पाहुणी

अकबोपे मला आधी दिसली नाही, ऐकू आली. दाराबाहेर जिन्यात कुणीतरी हलक्या आवाजात म्हणत होतं, "नमस्कार आपाय. मी खोली बघायला आलेय. मी ऑफिसात काम करते. गोंगाट करत नाही." मग जरा थांबून पुन्हा तेच, या खेपेला गोंगाट आधी आणि ऑफिस नंतर. पाठांतर करणाऱ्या मुलाला मध्येच तोडू नये, हे शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईला सांगावं लागत नाही. मी दाराआड गप्प उभी राहिले. शेवटी बेल वाजली. मी दार उघडलं, तर समोरची उंच, सडपातळ मुलगी माझ्याकडे बघत एवढंच म्हणाली, "खोली."

"ये की," मी म्हटलं. "गोंगाट करत नाहीस ना?"

ती कानापर्यंत लाल झाली. पण आत आली, आणि राहिली.

मला इथे सगळी इमारत आपायच, म्हणजे बाईच, म्हणते. शाळा सुटली तरी शाळेतल्या बाईची हाक सुटत नाही. अकबोपे किझिलोर्दाकडची, भातशेतीच्या गावातली. इथे अल्माटी शहरात वित्तशास्त्राची पदवी घेतली आणि इथेच नोकरीला लागली. तिच्या फर्मचं काम असं, की एखाद्या कारखान्याला मोठं कर्ज हवं असेल, किंवा मालकाला तो विकायचा असेल, तर त्या कारखान्याची खरी किंमत काय आणि पुढच्या काही वर्षांत तो कसा चालेल, ते मांडून द्यायचं. तिच्या आईला हे कधीच कळलं नाही. रोज संध्याकाळी फोन यायचा.

"जेवलीस? आज काय केलंस?"

"एका कंपनीचं पुढच्या पाच वर्षांचं भाकीत मांडलं, आई."

"म्हणजे आपल्या गावची बिबिश दाणे मांडून भविष्य सांगते, तसंच ना? ती एका कोंबडीच्या मोबदल्यात सांगते. तुला त्यासाठी एवढी कॉलेजं कशाला लागली?"

"बिबिशला कुणी विचारत नाही ना, की हे कशावरून म्हणतेस. मला विचारतात."

घरी ती अशी बोलायची. एका माणसापुढे तिची जीभ छान चालते, नकलासुद्धा करते. माणसं तीन झाली की कुलूप.

तिचा दिवस मला पाठ झाला होता. सकाळी साय फासलेला पाव आणि दुधाचा चहा, उभ्यानंच. मग ट्रॉलीबस. ऑफिसात गेल्यावर आधी तेलाचा भाव आणि आमच्या चलनाचा, तेंगेचा भाव बघायचा, कारण हे दोन हलले की कालचं सगळं काम हलतं. दुपारपर्यंत संगणकावर आकड्यांचे तक्ते. एका घरातला आकडा बदलला की पलीकडची शंभर घरं बदलतात, आणि कुठेतरी एक घर बदलायचं राहून जातं. ते शोधायचं. दुपारी तळघरातल्या खानावळीत लगमान. सगळे शेवया भुरकत साहेबांच्या तक्रारी करायचे आणि ही ऐकायची. नंतर साहेबांकडून काम परत यायचं, लाल गोलांनी भरलेलं.

साहेब म्हणजे रेनात. चाळिशीचा, शहरात वाढलेला, चांगल्या कापडाचे कोट घालणारा. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा. "अकबोपे, हा अंदाज कुठून आणलास, आभाळातून?" असं विचारून उत्तराची वाट न बघता निघून जायचा. संध्याकाळी सगळे कोट चढवायला लागले की तो दारात येऊन म्हणायचा, "एक छोटासा बदल आहे." ही नक्कल ती बटाटे सोलताना करायची, कोटाची कॉलर सरळ करण्यासकट.

"एवढं छळतो तर सोड की," मी एकदा म्हटलं.

"नाही आपाय. कारखाना म्हणजे घरच असतं. वरून नुसत्या भिंती दिसतात. आकडे नीट लावले की कळतं, कोण कमावतं, कोण खातं, कोण कुणाला सांभाळून घेतं. मला हेच काम हवंय."

म्हणून त्या मंगळवारी ती न जेवता बसली तेव्हा मला काळजी वाटली. महिनाअखेर तिची उमेदवारी संपत होती. रेनातनं बोलावून सरळ सांगितलं होतं, "तुझं काम चोख आहे. पण तुला कुणापुढे नेता येत नाही. तीन बैठका झाल्या, तू तोंड उघडलं नाहीस. उद्या कारखान्याच्या मालकापुढेही गप्प बसलीस तर तुला आतल्या विभागात देतो. तिथे नुसते कागद जुळवायचे असतात, बोलावं लागत नाही."

"काय विचारायचं आहे उद्या?" मी विचारलं.

प्रश्न एकच होता, आणि तो तिनंच शोधला होता. तालगारजवळ उतेगेन नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांचा बिस्किटांचा कारखाना होता. त्यांना नव्या भट्टीसाठी बँकेचं कर्ज हवं होतं. पण दर फेब्रुवारीत त्यांचा माल निम्म्यावर यायचा. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय बँक दारात उभं करणार नव्हती. रेनातनं फोनवर विचारलं तर म्हातारे म्हणाले होते, "या की, जेवायला या."

बुधवारी ते तिघं गेले: रेनात, अकबोपे आणि त्यांचा ड्रायव्हर. पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं, सगळ्यांच्या आवाजांत.

उतेगेन-अतांनी (अता म्हणजे आजोबा, म्हाताऱ्यांना इकडे तसंच म्हणतात) कारखाना दाखवला आणि थेट जेवायला बसवलं. मटण आलं, रस्सा आला, चहा आला, बिस्किटं तर होतीच. रेनातनं दोनदा फाईल उघडली. दोन्ही वेळा अतांनी त्याच्या ताटात मटण वाढलं. अकबोपे मान खाली घालून बसली होती, आणि रेनातनं तिच्याकडे बघणंही सोडून दिलं होतं. जेवण आटोपलं तसे अता मागे रेलले.

"पाहुणे जेवले. आता आमचा मान द्या."

रेनात गोंधळला. "कसला मान, अता?"

"घ्या! कुठे वाढलास रे तू? पाहुण्यानं खाल्लं की यजमानाला गाणं म्हणून दाखवायचं. मग कामाचं बोलू."

"मला आवाजच नाही, अता."

"तुझा आवाज ऐकतोच आहे मघापासून. फाईल, फाईल." ते ड्रायव्हरकडे वळले. "तू?"

"मला गाडी चालवायचीय, अता," ड्रायव्हर म्हणाला. मागे उभ्या असलेल्या कारखान्याच्या हिशेबनीस बाई हसू दाबत बाहेर गेल्या आणि पुन्हा आत आल्या.

"पोरी, तू कुठली गं?"

"किझिलोर्दाची," अकबोपे पुटपुटली.

"मग तुला सोडत नाही. तिकडे वासरंही सुरात हंबरतात."

तिनं मला सांगितलं, "आपाय, पळून जावंसं वाटलं. पण माझे बूट दाराशी होते, आणि मध्ये अता बसले होते."

ती गायली. आजीचं एक गाणं, हरवलेल्या उंटाच्या पिल्लाचं. आवाज कापत होता, सूर फार वरचा लागला होता. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं, आणि दुसरं आठवेना. ती थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते. हिशेबनीस बाईंना तिकडचं गाणं माहीत नव्हतं, पण त्यांनी सूर धरून नुसतं "हाय, हाय" म्हणत तिला पुढे नेलं, आणि अतांनी मेजावर बोटांनी ताल धरला. तिसरं कडवं तिनं दुसऱ्याच्या जागी म्हटलं. पिल्लू हरवायच्या आधीच सापडलं.

"बरं झालं," अता म्हणाले. "बिचाऱ्याची पायपीट वाचली."

सगळे हसले, तीही हसली. आणि मग, तिच्या शब्दांत, याहून वाईट काही उरलंच नव्हतं. ती अतांकडेच बघत म्हणाली, "अता, फेब्रुवारीत तुमची एक भट्टी बंद असते का?"

अतांनी हातातली चहाची वाटी खाली ठेवली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पीठ अर्धंच लागतं, आणि गॅसही अर्धाच; सगळ्या भट्ट्या पेटलेल्या असत्या तर गॅस एवढा उतरला नसता. माणसं मात्र सगळी पगारावर. म्हणून वाटलं."

मग त्यांनी सांगितलं. मोठी भट्टी जुनी होती. ती झेलेऊ नावाच्या एकाच भट्टीवाल्याचं ऐकायची. फेब्रुवारीत झेलेऊ मुलीकडे सेमेयला जायचा, तेवढे दिवस अता दुसऱ्या कुणाला तिला हात लावू देत नव्हते. दोनदा देऊन बघितलं होतं, दोन्ही वेळा सगळा माल करपला होता. "हे मी बँकेला लिहून देऊ? की माझा कारखाना एका म्हाताऱ्याच्या हातावर चाललाय?"

"म्हणूनच तर नवी भट्टी हवी आहे ना, अता," अकबोपे म्हणाली. "तेच लिहायचं."

रेनातनं फाईल उघडली. या वेळी कुणी त्याला मटण वाढलं नाही.

परतताना गाडीत रेनात फाईल चाळत बसला. गाव मागे पडल्यावर म्हणाला, "पुढच्या वेळी प्रश्न गाण्याच्या आधी विचारता येईल का?"

"माहीत नाही, आगा," ती म्हणाली. साहेबाला ती थोरल्या भावासारखं आगा म्हणते. त्यानं तिला आतल्या विभागात दिलं नाही.

मोठ्या बैठकीत ती अजूनही अवघडते. दहा जण बसले की तिचा आवाज चहाच्या वाटीत पडल्यासारखा येतो, आणि रेनात तिच्या वतीनं बोलतो, थोडं चुकीचं. पण कारखान्यात जाऊन मालकाशी बोलायचं असलं की आता तिलाच पाठवतात. या आठवड्यात ती शिमकेंतला एका कापड गिरणीत आहे. शुक्रवारी परत येईल.