कमळूने उघडं ठेवलेलं छप्पर

मुरबाडच्या जुन्या आळीत सगळी घरं एकमेकांना चिकटलेली. दोन घरांत भिंत एकच, मग खिडकी काढणार कुठं, शेजाऱ्याच्या चुलीत? पुढं ओटी, मागं चूल आणि मधलं माजघर भरदुपारी काळंकुट्ट. आंब्यावरून पडून माझी कंबर गेली, तेव्हापासून मी त्याच माजघरात खाटेवर. गावात एस्टी नवी नवी यायला लागली होती. तिचा भोंगा ऐकू यायचा, दिसायची मात्र नाही.

वैशाखात डोंगरावरच्या ठाकूरवाडीतून कमळू यायचा, आळीची कौलं चाळायला, म्हणजे उतरवून, फुटकी बदलून पुन्हा रचायला. छपरंही जोडलेली, एका टोकाला चढला की दुसऱ्या टोकाला उतरायचा. माणूस मोठा रीतीचा. कौल उचलण्याआधी खाकरायचा, "कौल काढतोय गो बायांनो!" म्हणून ओरडायचा. वरून त्याला सगळ्यांचे संसार उघडे दिसत, पण ह्या घरचं त्या घरी कधी बोलला नाही.

माझ्या खाटेवरची कौलं काढली की मात्र घोडं अडायचं. आईला म्हणायचा, "हिरावैनी, कौलं पुरत नाय. उद्या लावतो." दुसऱ्या दिवशीही उद्याच. माझ्या आईचं तोंड म्हणजे तोफखाना. "आळशी मेला! भाकऱ्या मोडताना बरा हात चालतो!" कमळू हसून पलीकडं सरकायचा. आणि मी? मी आभाळ बघायची! घारी, ढग, चांदण्या, सगळं माझं. एकदा त्याने वरून डोळा मिचकावला, तेव्हा कळलं, कौलं पुरत होती.

एका वर्षी कमळू आलाच नाही. गुडघे गेले म्हणे. दुसरा गडी आला आणि अर्ध्या दिवसात छप्पर बंद करून गेला. "ह्याला म्हणतात काम!" आई खूश. मी भिंतीकडं तोंड करून रडले.

आठवड्याने कमळू काठी टेकत दारात उभा. घोंगडीत गुंडाळलेलं काचेचं कौल. "कल्यानहून आनलं. पोरीच्या डोक्यावर बसवा. मला आता चढवत नाय."

बाबा बाहेरगावी होते. पण थांबेल ती आई कसली! पदर खोचला आणि चढली शिडी. परसातून कमळू सांगतोय, "वैनी, वाशावर पाय ठेवा," आणि अख्खी आळी माना वर करून बघतेय.

माझ्यावरचं कौल सरकलं. उजेडात आईचं तोंड दिसलं. ती खाली बघतच राहिली. रोज खाटेशी बसणारी माझी आई, पण त्या अंधारात पडलेली मी तिला वरून पहिल्यांदाच दिसले.

"आई, बसव ना गो," मी म्हटलं.

तिने डोळे पुसले आणि परसाकडं वळून ओरडली, "कमळू, मेल्या, जेवल्याशिवाय गेलास तर बघ! आणि हे कौल आज नाय बसत. उद्या लावते."