दगडावर कोरायचं आडनाव

शालिनीवहिनींचा फोन आला तेव्हा मी जर्मनीत, वाल्डॉर्फच्या ऑफिसात, कॅन्टीनच्या रांगेत ताट घेऊन उभा होतो. "भाऊजी, हे गेले हो," एवढंच त्या म्हणाल्या. मी ताट तिथेच ठेवलं आणि पार्किंगमध्ये जाऊन रडलो. त्याला आता महिना उलटून गेला, पण सुधाकरच्या कबरीवर अजून दगड नाही. त्यावर आडनाव कोणतं घालायचं, हे न सांगताच तो गेला…

सुधाकर मार्शल. युरो नवा होता तेव्हाची गोष्ट. कंपनीत मार्शल नावाचे गृहस्थ येताहेत, हायडेलबर्ग स्टेशनवरून घेऊन ये, असं मला सांगितलं होतं. मार्शल म्हणजे गोरा, हे मी धरूनच चाललो. गाडीतून उतरलेले सगळे गोरे न्याहाळून झाले आणि साहेब आलाच नाही असं मी बायकोला मोबाइलवर सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरचा सावळा माणूस मराठीत म्हणाला, "साहेब आलाय. पोळी खातोय." तिथूनच आमची मैत्री जमली.

तो नगरचा. त्याचे आजोबा तिथल्या छावणीत एका इंग्रज अधिकाऱ्याचे मोतद्दार होते, घोड्याला खरारा करायचे. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्यानं आडनाव विचारलं, तर त्यांनी साहेबाचंच सांगून टाकलं. साहेबाला त्याचा पत्ताही नव्हता. सुधाकर हे हसत सांगायचा. मी बौद्ध घरातला, गावानं चिकटवलेलं नाव टाकून देणं मला नवं नव्हतं. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, त्यात तुझंही धर, असं मी त्याला चिडवायचो.

स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि हे हसणं थांबलं. इथल्या दगडांवर आडनाव मोठ्या अक्षरांत असतं, माणसाचं नाव त्याखाली बारीक. परक्याच्या नावाखाली मी पडून राहणार नाही, असा हट्टच त्यानं धरला. आजोबांच्या आधीचं, आपलं नाव त्याला हवं होतं. दुसरं काही बोलेचना. त्याची ती तगमग बघवत नव्हती, म्हणून मी हायडेलबर्गच्या ग्रंथालयात जाऊन जाडजूड कोश उघडले. मार्शल हा मुळात इकडचाच शब्द निघाला. जुन्या जर्मनमध्ये 'मारा' म्हणजे घोडा, 'स्काल्क' म्हणजे चाकर. तबेल्यातला हा चाकर राजांच्या पदरी मोठा होत गेला, शब्द फ्रेंचांकडे गेला, नॉर्मनांबरोबर इंग्लंडात पोचला. तिथे नाल ठोकणाराही मार्शल आणि दरबारचा बडा अधिकारीही मार्शल, आणि दोघांच्याही पोराबाळांना तेच आडनाव लागलं.

हे सांगितल्यावर सुधाकर किती दिवसांनी हसला. "आल्झो, म्हणजे साहेबही मोतद्दारच," म्हणाला. मला वाटलं, सुटलो. पण थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मग त्याच्या आधीचं आमचं काय?"

ते सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, नगरची आत्या. आम्ही तिला हॉस्पिटलमधून फोन लावला.

"सुद्या, आपल्याला कुठलं रे आडनाव?" आत्या म्हणाली. "गावात जातीनंच हाक मारायचे. म्हणून तर माझ्या बानं मिळालं ते घेतलं."

त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी खूप समजावलं, चिडलोही. "मागं काहीच नाही रे…" एवढंच तो म्हणाला. त्यानंतर त्यानं हा विषय काढला नाही, आणि मलाही धीर झाला नाही. त्या गावाचा मला अजून संताप येतो. माणूस मरायला टेकला तरी त्याला नाव देऊ शकत नाही, ते कसलं गाव?

त्याची मुलगी रूथ इथेच जन्मली, मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते. दफनानंतर तिनं सांगून टाकलं की बाबांवर इंग्रजाचं नाव येणार नाही, दगड कोराच ठेवा. वहिनी नुसत्या रडत राहिल्या. दगड घडवणारा मात्र सारखा विचारतोय, म्हणून परवा मी त्यांच्या घरी फोन केला. इथे फोन उचलणारा हॅलो म्हणत नाही, आपलं आडनाव सांगतो. वहिनींना ते कधी जमलं नाही, ते काम सुधाकरचं. फोन रूथनं उचलला.

"मार्शल," ती म्हणाली. अगदी बापासारखं, शेवट जरा खाली सोडून.

आता मी माझं नाव सांगायचं, अशी इथली रीत. मला ते सांगताच येईना.