नानाच्या फळीतला मी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पारोळ्याच्या किल्ल्यात मी एकटा झोपलोय — माझ्या घोरण्याला कंटाळून तिथली भुतंच गाव सोडून गेली म्हणतात. माझं बोलणं लोक निम्मं कापून ऐकतात. हे मात्र कापू नका... वाढवून सांगायचं त्राण आता उरलेलं नाही.

माझा मोठा भाऊ नाना जळगावात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. रंग बदलताना ब्रश पुसायचा तो एकाच प्लायवूडच्या फळीवर, तीस वर्षं. मग फ्लेक्स आले, काम संपलं, पाठोपाठ लकवा. दोन वर्षं झाली, तो धुळ्याला, देवपुरात माझ्याकडे असतो. अंघोळ, औषध, भरवणं मीच करतो. पण तो मला ओळखत नाही. कधी मी कंपाउंडर, कधी मीटर बघणारा. एकदा तर व्याही झालो — मग मीही मानपान मागून घेतला.

त्याला बरं वाटावं म्हणून ती फळी पलंगासमोर टांगली. शेजारचे ड्रॉइंगचे सर म्हणाले, "बापू, हे अ‍ॅबस्ट्रॅक्ट आहे. नुसते तुकडे, एकही जागेवर थांबत नाही. अर्थ बघणाऱ्यानं लावायचा."

नानानं तो दुसऱ्याच सकाळी लावला. वरच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हाऊ आमना बापू शे."

मला तिथं शेंदरी अन् निळे फराटे दिसले, बस. काही न सांगता बायकोला विचारलं. तिनंही तिथंच बोट ठेवलं. "तुमचंच तोंड. थापा मारतानाचं." सरांनाही दिसलं, पण ते म्हणाले, "मेंदू कशातही चेहरे शोधतो."

म्हटलं, बघू. भरदुपारी नाना झोपलेला असताना मी फळी उलटी टांगली. आता तोंड खाली डावीकडे जायला हवं, तेही उलटं... नाना उठला. बोट पुन्हा वर, उजवीकडेच. बायकोचंही. सरांचंही — त्यानंतर ते आठवडाभर फिरकले नाहीत.

मी तो कोपरा अंगठ्यानं चाचपून पाहिला. वाळलेला रंग. हे काय आहे, मला अजून सांगता येत नाही. आणि मला त्यात मी एकदाही दिसलेलो नाही.

काल भरवत होतो. नानानं घास नको म्हणून मान फिरवली, माझ्याकडे परक्यासारखं बघितलं, मग फळीकडे.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "बापूले सांगा, जेवी ले. भलता थकेल दिखस."

सांगतो, म्हटलं.